केस पेपरवर एक रकाना वाढवा : मुंबईतल्या रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या रुग्णालयांचे अधिष्ठाते, वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन आणि आहार विभागाचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रुग्णालयाकडून मला पत्र आलं. लॅटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या, अ‍ॅलर्जीमुळे ऑपरेशनच्या टेबलावर माझ्या जिवावर बेतलं होतं. त्याबद्दलच्या माझ्या चार पानी तक्रारीला तीन ओळींचं उत्तर होतं. ‘लॅटेक्सविरहित साहित्य वेगळे ठेवणे व्यवहार्य नाही. अशा रुग्णांनी दाखल होताना आपले साहित्य सोबत आणावे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मी या शहरात २४ वर्षं नर्स म्हणून काम केलं आहे, आणि हेच उत्तर दुसऱ्या कुठल्याही ठिकाणाहून आलं असतं हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी १९९४ साली नर्सिंगला लागले. हातमोजे एकदा वापरून टाकून द्यावेत, अशी तेव्हा परिस्थिती नव्हती. ऑपरेशन झालं की मोजे जंतुनाशकात, मग साबणाच्या पाण्यात, मग दोरीवर. वाळले की एकेका मोज्यात हवा भरायची, तोंड पिळून गालाशी धरायचं आणि कुठून हवा निसटते का बघायचं. मग पावडर चोळायची, जोड्या लावायच्या, ड्रम भरून वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला पाठवायचा. हे काम नाइट ड्युटीच्या विद्यार्थिनींचं. पहाटे तीनला त्या लहानशा खोलीत दिव्याभोवती पावडर तरंगत असायची. आम्ही ती श्वासाबरोबर आत घेत होतो. ती पावडर मक्याच्या स्टार्चची असते आणि रबरातली प्रथिनं तिला चिकटून हवेत उडतात, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

चार वर्षांत माझ्या बोटांच्या बेचक्यात गांधी उठायला लागल्या. सिस्टर इनचार्ज म्हणाल्या, साबण बदल. साबण बदलला. पुढे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, शिरलं की शिंका, मग रात्रीची धाप. दम्याचा पंप सुरू झाला. पण खरा धक्का घरी बसला. माझं माहेर वसईचं. घरामागे केळीची वाडी, लहानपणापासून राजेळीची सुकेळी खाऊन वाढलेली मी. एकदा माहेरी गेले असताना झाडावर पिकलेलं वेलची केळं आईने हातात दिलं. दोन घास खाल्ले आणि टाळू खाजायला लागली, ओठ सुजले, आवाज बसला. आई म्हणाली, केळ्यानं कुणाला काही होतं का? मलाही तसंच वाटलं होतं. पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘कामावर हातमोजे कसले घालता?’ अ‍ॅलर्जी ओळखण्यासाठी रक्ताची आयजीई चाचणी झाली. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. माझ्याबरोबर कोट्टायमची एक सिस्टर होती. तिचे वडील पहाटे अंधारात मळ्यात जाऊन सालीला तिरकी चीर द्यायचे आणि खाली करवंटी बांधायचे, कारण ऊन चढलं की चीक कमी वाहतो. आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूलाही आता असे मळे आहेत. झाडाला जखम झाली की त्यातून बुरशी आत शिरू नये, म्हणून या चिकात काही प्रथिनं असतात. त्यातलं एक हेवीन. केळं, अ‍ॅव्होकॅडो आणि चेस्टनट यांच्यातही बुरशीशी लढणारी प्रथिनं आहेत, आणि त्यांचा एक तुकडा हेवीनच्याच घडणीचा आहे. ज्या शरीराने हेवीनशी वैर धरलं, ते शरीर केळ्यातल्या त्या तुकड्यावरही उठतं. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के माणसांना अशा एखाद्या फळाचा किंवा भाजीचा त्रास होतो. केळं, अ‍ॅव्होकॅडो, किवी, चेस्टनट यांचा जास्त. पपई, अंजीर, आंबा, टोमॅटो, बटाटा, ढोबळी मिरची यांचाही काहींना होतो. (चेस्टनट म्हणजे उपासाचा शिंगाडा नव्हे. ते झाड वेगळं. हा घोटाळा मी आहारतज्ज्ञांच्या तोंडूनही ऐकला आहे.) सगळं सगळ्यांना बाधत नाही. मी टोमॅटो रोज खाते, केळ्याच्या वाटेला जात नाही.

आता गेल्या श्रावणातली गोष्ट. गर्भाशयातल्या गाठींमुळे रक्तस्राव थांबत नव्हता, म्हणून ऑपरेशन ठरलं. दाखल होताना मी लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘औषधाची आहे का?’ नाही म्हटल्यावर तिने ‘औषधांची अ‍ॅलर्जी’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. तिची चूक नव्हती, फॉर्मवर दुसरा रकानाच नव्हता. फिटनेस देणाऱ्या भूलतज्ज्ञांनाही मी सांगितलं, त्यांनी पेन्सिलीने समासात लिहून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी भूल द्यायला दुसरे डॉक्टर होते. टेबलावर झोपवल्यावर मी पुन्हा सांगितलं. ओटीतली सिस्टर मायेने म्हणाली, ‘काळजी करू नका मॅडम, आपले ग्लोव्हज पावडर-फ्री आहेत.’ पावडर नसली तरी रबर तेच असतं, हे मी म्हणेपर्यंत भूल चढली होती.

सामान बाहेरून आणायची चिठ्ठी आधीच माझ्या नवऱ्याच्या हातात दिली होती. मेडिकलचं ते बिल आज माझ्यापुढे आहे. ‘सर्जिकल ग्लोव्हज, साडेसहा आणि सात.’ ‘फोलीज कॅथेटर १६, सिलिकॉन कोटेड.’ फोलीज कॅथेटर म्हणजे लघवीची नळी. सिलिकॉन कोटेड म्हणजे आत लॅटेक्स आणि वरून सिलिकॉनचा पातळ मुलामा. पूर्ण सिलिकॉनचा कॅथेटर वेगळा मिळतो, कित्येक पट महाग असतो, पण मिळतो. चिठ्ठीवर तसं लिहिलं असतं तर माझ्या नवऱ्याने तोच आणला असता.

पुढचं मला केस पेपरच्या प्रतीवरून कळलं. पोट उघडून अर्धा तास झाला असेल. श्वासनलिकेतला दाब वाढला, रक्तदाब ६०च्या खाली गेला, अंगावर चट्टे उठले. आधी संशय अँटिबायोटिकवर गेला. पण ते देऊन बराच वेळ झाला होता, आणि लॅटेक्सची रिअ‍ॅक्शन टेबलावर बहुधा अशीच उशिरा, आतल्या पडद्यांना मोज्यांचा स्पर्श झाल्यावर उठते. भूलतज्ज्ञांनी अ‍ॅड्रिनलिन दिलं. त्यांनीच समासातली पेन्सिलीची ओळ पाहिली. मोजे बदलले, कॅथेटर काढला. सर्जननी पोट तसंच बंद केलं. मी दोन दिवस आयसीयूत होते. त्या दोघा डॉक्टरांनी मला वाचवलं, आणि या पत्रातला एकही शब्द त्यांच्याविरुद्ध नाही.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात आले. सकाळी सॉफ्ट डाएटचा ट्रे आला. दूध, उपमा, एक केळं आणि पपईच्या चार फोडी. ट्रे देणाऱ्या मुलाच्या हातात पांढरे लॅटेक्सचे मोजे होते. माझ्या उशाशी लावलेल्या कागदावर आदल्या रात्री कुणीतरी लाल पेनने ‘लॅटेक्स अ‍ॅलर्जी’ लिहिलं होतं. तो कागद स्वयंपाकघरापर्यंत पोचला नव्हता. मी नर्स आहे, म्हणून ट्रे परत केला. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या आजींनी केला असता का?

आता माझी गाऱ्हाणी मांडते. ती त्या एका रुग्णालयापुरती नाहीत.

पहिलं गाऱ्हाणं प्रश्नाचं. तुमचे फॉर्म औषधांपाशी थांबतात. खरं तर पाच साधे प्रश्न पुरे आहेत. फुगा फुगवल्यावर ओठ सुजतात का? दातांच्या डॉक्टरांकडे किंवा आतल्या तपासणीनंतर खाज किंवा सूज आली होती का? निरोधचा त्रास होतो का? केळं, किवी, अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर तोंड खाजतं का? आतापर्यंत किती ऑपरेशनं झाली? शेवटचा प्रश्न लहान मुलांसाठी फार महत्त्वाचा आहे. स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांची जन्मापासून वारंवार ऑपरेशनं होतात, रोज अनेकदा कॅथेटर घालावा लागतो, आणि लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीचा सगळ्यांत मोठा धोका याच मुलांना असतो. त्यांना पहिल्या दिवसापासून लॅटेक्सपासून दूर ठेवायचं असतं. या शहरात अशा मुलांच्या आया मुलाला कडेवर घेऊन लोकलने बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांना हे कोण सांगतं?

दुसरं गाऱ्हाणं साहित्याचं. मोजे बदलले की काम झालं असं आपण समजतो. रक्त काढताना दंडाला बांधायची रबरी नळी, सलाइनच्या सेटवरचा रबरी फुगा, जुन्या बीपीच्या पट्ट्यातली पिशवी, लाल रबरी कॅथेटर, जखमेतला स्राव बाहेर काढणारी ड्रेनची पट्टी, काही क्रेप बँडेज आणि चिकटपट्ट्या. सोनोग्राफीच्या आतून करायच्या तपासणीत प्रोबवर चढवला जाणारा निरोधही लॅटेक्सचाच. मोज्यांच्या रंगावरही विसंबू नका, निळे लॅटेक्सचे मोजेही बाजारात आहेत. साहित्यात नैसर्गिक रबर आहे हे दाखवणारं आंतरराष्ट्रीय चिन्ह असतं, पण खोका फोडून मोजे ट्रेमध्ये ओतले की ते चिन्ह खोक्याबरोबर कचऱ्यात जातं.

आणि पावडर. अमेरिकेत पावडर लावलेल्या वैद्यकीय हातमोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. जर्मनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस पावडरवाले लॅटेक्स मोजे रुग्णालयांतून हटवले आणि कर्मचाऱ्यांमधले लॅटेक्सच्या दम्याचे नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले. माझ्या त्या ट्रेवाल्या मुलाने मोजे काढले तेव्हा चादरीवर पांढरा सडा पडला. तो रोज शेकडो ट्रे वाटतो. वीस वर्षांनी त्याच्या फुप्फुसांचं काय होईल, ते मी माझ्या पंपावरून सांगू शकते.

तिसरं गाऱ्हाणं जेवणाचं, आणि मला ते सगळ्यांत जास्त टोचतं, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. मुंबईतल्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ येतात आणि विचारतात, व्हेज की नॉन-व्हेज? डायबेटिस? मीठ बंद आहे का? जैन आहात का? जैन म्हटलं की त्या ट्रेमध्ये कांदा, लसूण, बटाटा येत नाही. पातेलं वेगळं, पळी वेगळी, ट्रेवर चिठ्ठी. या शहराच्या स्वयंपाकघरांनी हे किती वर्षं नीट सांभाळलं आहे. ज्या स्वयंपाकघराला एखाद्याचा धर्म सांभाळता येतो, त्याला एखाद्याचा श्वासही सांभाळता येईल, एवढाच माझा विश्वास आहे.

पण केळ्याला आपण अन्नातला निरुपद्रवी जीव समजतो. रुग्णाला काय द्यायचं? केळं. स्वस्त, मऊ, साल काढली की स्वच्छ. कस्टर्डमध्ये केळं, शिकरणात केळं. नाकातल्या नळीने द्यायचं खाणं स्वयंपाकघरात वाटून करतात, त्यातही पुष्कळदा केळं असतं. व्हेंटिलेटरवरचा माणूस टाळू खाजते म्हणून कुणाला सांगणार? पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की प्लेटलेटसाठी म्हणून नातेवाईक किवी घेऊन धावतात, पपईच्या पानांचा रस पाजतात. हे सगळं प्रेमानेच होतं. पण त्या खाटेवरचा माणूस लॅटेक्सचा रुग्ण असेल, तर किवी आणि पपई दोन्ही त्याच्या धोक्याच्या यादीत आहेत, हे वॉर्डातल्या कुणाला तरी माहीत असायला हवं. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर अ‍ॅलर्जीकारक घटक छापण्याचा नियम आपल्याकडे आहे. त्यात ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट एवढेच गट येतात. केळं आणि किवी त्यात नाहीत. त्यामुळे लेबलवर विसंबणाऱ्या स्वयंपाकघराच्या हातून ही माणसं निसटतात.

चौथं, रिअ‍ॅक्शन आल्यावरचं. मी स्वतः इतकी वर्षं तेच केलं आहे, म्हणून लिहिताना संकोच वाटतो. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, की आपला हात आधी एव्हिल या अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनकडे आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे जातो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात, पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिनच. प्रौढ माणसाला एक हजारास एक या प्रमाणातलं अर्धा मिलि, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. लहान मुलांना वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. बाकी सगळं त्यानंतर. अँप्यूल स्वस्त आहे, प्रत्येक वॉर्डात आहे, पण पुष्कळदा क्रॅश कार्टच्या, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीच्या, कुलूपबंद खणात, आणि किल्ली इनचार्जकडे.

पाचवं गाऱ्हाणं आमचं, कर्मचाऱ्यांचं. १९८०च्या दशकात एचआयव्हीची भीती आली आणि जगभर हातमोज्यांचा वापर कितीतरी पट वाढला. ते योग्यच होतं. पण त्याची किंमत सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि लॅबमधल्या मुलांच्या हातांनी मोजली. हाताला खाज सुटली म्हणून आलेल्या प्रत्येकीला आजही ‘साबण बदल’ असंच सांगितलं जातं. प्रत्येक खाज ही अ‍ॅलर्जी नसते हेही खरं. रबरात घातलेल्या रसायनांमुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठणारं इसब वेगळं आणि मिनिटांत गांधी उठवणारी प्रथिनांची अ‍ॅलर्जी वेगळी. पण ते ठरवायला तपासणी लागते. अंदाजावर सोडलं की कुणीतरी माझ्यासारखं टेबलावर पोचतं.

‘आपले साहित्य सोबत आणावे’ या वाक्याकडे पुन्हा येते. रस्त्यावर पडलेला बेशुद्ध माणूस काय सोबत आणणार? कळा सुरू झालेली बाई? रात्री दोनला भाजून आलेलं मूल? आणि ज्याला परवडतं त्याने जरी मोज्यांचा खोका आणला, तरी ओटीतल्या बीपीच्या पट्ट्याचं, सलाइनच्या सेटचं आणि हवेतल्या पावडरीचं तो काय करणार?

तेव्हा मागणं असं आहे. केस पेपरवर ‘औषधांची अ‍ॅलर्जी’ या रकान्याखाली ‘लॅटेक्स व अन्नाची अ‍ॅलर्जी’ असा दुसरा रकाना छापा, आणि तो भरल्याशिवाय खाट देऊ नका. होकार आला तर मनगटावर लाल पट्टी बांधा आणि तीच माहिती त्याच दिवशी ओटी, फार्मसी आणि स्वयंपाकघरात पोचवा. बाहेरून सामान आणायच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘लॅटेक्स नको’ लिहा आणि पर्यायाचं नाव लिहा. मोजे नायट्राइलचे, निर्जंतुक सर्जिकल मोजे निओप्रीन किंवा पॉलिआयसोप्रीनचे, कॅथेटर पूर्ण सिलिकॉनचा.

प्रत्येक रुग्णालयात निदान एक लॅटेक्सविरहित ट्रॉली भरून ठेवा. मोठ्या रुग्णालयांत अपघात विभागात एक आणि ओटीत एक. अशा रुग्णाचं ठरलेलं ऑपरेशन दिवसातलं पहिलं घ्या, कारण रात्रभरात हवेतली पावडर खाली बसलेली असते. याला एक पैसाही लागत नाही. पावडरवाले मोजे पुढच्या खरेदीपासून पूर्ण बंद करा. कोविडनंतर नायट्राइलचे मोजे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळतात, मिळत नाहीत हे कारण आता उरलेलं नाही. स्वयंपाकघरात आणि ट्रे वाटताना तर लॅटेक्सचा मोजा कुणाच्याच हातात नको. बालविभागात १४ नोव्हेंबरला फुगे लावता, त्याऐवजी कागदी पताका लावा.

आहार विभागाला एक विनंती. यादी पाहून सरसकट दहा फळं बंद करू नका. रुग्णाला विचारा, तुम्हाला काय बाधतं, आणि जे बाधतं तेवढंच ट्रेमधून आणि नळीच्या खाण्यातून काढा. अशक्त माणसाचं उगाच खाणं तोडणं हाही त्रासच आहे. आणि मेट्रन, अ‍ॅड्रिनलिनचं अँप्यूल, सिरिंज आणि डोसाचा तक्ता एका उघड्या डब्यात, नर्सिंग स्टेशनवर हाताशी ठेवा. नव्या मुलींकडून महिन्यातून एकदा त्याचा सराव करून घ्या.

रुग्णांनाही सांगते. केस पेपरची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. मी मागितली, म्हणूनच हे सगळं लिहू शकले.

माझं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. गाठी आत तशाच आहेत, हिमोग्लोबिन साडेआठवर आहे आणि लोहाच्या गोळ्यांवर दिवस ढकलते आहे. दिवाळीनंतरची तारीख घ्या असं डॉक्टर म्हणतात. मी तुमच्यापैकीच कुणाच्या तरी दारात येणार आहे. काउंटरवरच्या मुलीने तेव्हा मला औषधाशिवाय आणखी एक प्रश्न विचारावा, आणि तिच्यापुढे उत्तर लिहायला जागा असावी. तुमच्याकडे हे सुरू झालं असेल किंवा करायची तयारी असेल, तर तसं जाहीर कळवा. मी तिथेच तारीख घेईन.

आपली,
एक नर्स आणि सध्या रुग्ण
मुंबई